दादांच्या केबिनमधला आकडा

२६ नोव्हेंबर २०२४, मंगळवार. सकाळी धुके. तानाबाई उशिरा आली, डोळे सुजलेले. आकारामला कंपनीने घरी बसवले आहे. मेथीच्या दोन जुड्या आणि एक कोबी घेतला. गणपतराव संध्याकाळी फ्रीज इन्व्हर्टरवर जोडून द्यायला येणार होते. आले नाहीत.

त्या दिवशीची नोंद एवढीच आहे. कॉन्व्हेंटमध्ये एका सिस्टरने आम्हांला रोजनिशीची सवय लावली. दिवसात काय घडले ते वहीत लिहा, तुम्हांला काय वाटले ते देवाला सांगा, असे त्या म्हणत. मी तसेच करत आले. पण त्या संध्याकाळी शेवटचे वाक्य लिहिल्यावर मी ते पुन्हा वाचले. गणपतराव चौगुले येतो म्हणाले आणि आले नाहीत, असे उचगावातल्या आमच्या गल्लीत घडत नसे.

गणपतराव माझ्या समोरच्या घरात राहतात. पन्नाशी कधीच ओलांडलेली, अंगाने आडवे, मिशा भरघोस, सदऱ्याच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत लोखंडाचे आणि स्टीलचे ओतीव भाग भट्टीत तापवून देणारा एक कारखाना आहे. तिथे ते इन्स्ट्रुमेंट फिटर आहेत. भट्टी किती तापली, गॅस किती गेला, हे दाखवणारी यंत्रे बसवायची आणि नीट ठेवायची, हे त्यांचे काम. आयटीआयमधून बाहेर पडल्याबरोबर कारखान्याच्या मालकांनी त्यांना ठेवून घेतले. मालकांना सगळे दादा म्हणतात. तेव्हा कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड होती. आता दादा ऐंशीच्या घरात आहेत. कारभार त्यांचा मुलगा विजयसिंह पाहतो आणि दादा आपल्या केबिनमध्ये बसून वर्तमानपत्र वाचतात.

गणपतरावांना नाही म्हणता येत नाही. हे मी दोष म्हणून लिहीत नाही, गल्लीतल्या प्रत्येकाने त्याचा फायदा घेतलेला आहे आणि त्यात मीही आहे. कोणी म्हणावे, टाकीची मोटर आतून बंद करता आली पाहिजे. कोणी म्हणावे, गोठ्यात एक दिवा हवा. त्यांचे उत्तर एकच. "त्यात काय, जोडून देतो की." एकदा शेजारच्या लग्नात त्यांनी आपल्या घरातून मांडवाला लाइन दिली. मग स्पीकरला दिली, मग आचाऱ्याच्या मिक्सरला. शेवटी त्यांच्याच घरातले दिवे गेले. त्यांच्या बायकोने खिडकीतून सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "अवो, आमटीत मीठ पडलंय का साखर, हितं कायबी दिसंना झालंय! पावण्यांना काय वाढू?" मांडव हसला. गणपतरावही हसले, आणि मांडवातली एक माळ बंद करण्याऐवजी स्वतःच्या घरात मेणबत्ती लावून आले.

त्यांच्या कारखान्यात खंडेनवमी मोठी होते. त्या दिवशी सगळी यंत्रे बंद असतात. धुऊन पुसून त्यांना हळदकुंकू लावतात, हार घालतात, नारळ फोडतात. कामगारांच्या घरची माणसे आणि शेजारीपाजारी पेढे खायला येतात. दादांनी शेडच्या दिवसांपासून एक रीत पाडली आहे. खंडेनवमीला कारखान्यात काहीतरी नवे बसले पाहिजे. एका वर्षी विजयसिंहाच्या केबिनमध्ये भट्टीचा आकडा दाखवणारा मीटर बसला. त्याच्या आधी तसाच एक तपासणीच्या खोलीत बसला होता, आणि नंतर एक पाहुण्यांच्या खोलीत, म्हणजे बाहेरून आलेल्या ग्राहकाला चहा घेता घेता भट्टी दिसावी. मूळचा मीटर भट्टीजवळच्या पॅनेलवर होताच, त्याच्या शेजारी आलेख काढणारे यंत्र होते. यंदा विजयसिंहाच्या मनात आले की दादांच्या केबिनमध्येही आकडा पाहिजे.

मी त्या दिवशी तिथे होते. गणपतरावांनी नवा शर्ट घातला होता. दादांच्या टेबलासमोरच्या भिंतीवर त्यांनी मीटर बसवला, त्याला झेंडूचा छोटा हार घातला आणि दादांच्या हाताने बटण दाबले. लाल आकडे उमटले. भट्टी गार होती, त्यामुळे आकडा तिशीच्या आसपास होता. कोणीतरी पॅनेलजवळून ओरडून तोच आकडा सांगितला. टाळ्या पडल्या.

"बघा काकू," गणपतराव मला म्हणाले, "तिकडं जे, तेच हिकडं. एका आकड्याचा फरक न्हाय."

दादांनी मीटरकडे एकदा पाहिले. त्यांनी पेढा खाल्ला.

आकाराम हा तानाबाईचा नवरा. तानाबाई माझ्याकडे भांडी आणि केर करते. आकाराम त्याच कारखान्यात भट्टी सांभाळतो, मोठ्या भट्टीवर गॅसचा कॉक त्याच्याच हातात असतो. तो कमी बोलणारा माणूस आहे. त्याला कंपनीने घरी का बसवले, ते मला बुधवारी कळले. तानाबाईने भांडी घासता घासता पाठमोरीच सांगितले.

दिवाळीनंतर कारखान्याला नवे काम मिळाले होते. पंपाचे स्टेनलेस स्टीलचे ओतीव भाग तापवून द्यायचे होते आणि त्यांना आजवरच्या कुठल्याही कामापेक्षा जास्त उष्णता लागत होती. आकडा एक हजार पन्नासपर्यंत न्यायचा होता. तो नऊशे सत्तरपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. आकारामने भट्टीच्या झरोक्यातून आत पाहिले. आतला रंग त्याला जास्त उजळ वाटला. म्हणून त्याने खिशातून मोबाइल काढून गणपतरावांना फोन लावला. नेमके त्याच वेळी विजयसिंहाने केबिनच्या काचेतून त्याला मोबाइल कानाला लावलेला पाहिले.

गणपतराव आले. त्यांनी पॅनेल पाहिले, मग एकेका खोलीत जाऊन सगळे मीटर पाहिले. प्रत्येकावर नऊशे सत्तर. त्यांनी आकारामला सांगितले, "गॅस वाढीव." आकारामने वाढवला. आकडा हलला नाही, म्हणून आणखी वाढवला. भट्टी उघडली तेव्हा भाग वाकले होते आणि त्यांच्यावर जाड खपली धरली होती. सगळा माल गेला. विजयसिंह म्हणाला, हा मोबाइलवर बोलत बसला आणि भट्टी जाळली.

"आणि गणपतराव काय म्हणाले?" मी विचारले.

"काय म्हणत्यात!" तानाबाईने पातेले आपटले. "धाकल्या मालकानं इचारलं, मोबाइलवर हुता का न्हाय? तर म्हणाले, व्हय, हुता. झालं. फोन कुणाला लावलता, त्ये कोण सांगणार? मालकाला कोण न्हाय म्हणणार, बाई?"

गुरुवारी संध्याकाळी गणपतराव फ्रीजसाठी आले. तानाबाई अजून गेली नव्हती. त्यांनी तिला पाहिले आणि दारातच चपला काढायला जरा जास्त वेळ लावला.

"या की," तानाबाई म्हणाली. "आमच्या घरातबी येकदा या. चूल इझलीया, ती जोडून देता का बघा."

"तानाबाई, मी काय त्याच्या वाईटावर हाय व्हय?"

"मग मालकाला सांगिटलं का न्हाई, फोन तुम्हास्नी आलता म्हणून?"

"त्यांनी इचारलं न्हाय."

"इचारलं न्हाय! लई गुणाचं लेकरू. इचारलं तरच बोलतंय."

मी चहा ठेवला. गणपतराव खुर्चीच्या कडेवर बसले. ते मला म्हणाले, "काकू, तुम्हीच सांगा. एक मीटर बिघडंल. दोन बिघडतील. सहाच्या सहा एकच खोटं बोलतील व्हय? आकारामचा डोळा चुकला असंल, असंच कुणीबी म्हणंल."

"म्हणून तुम्ही त्याला गॅस वाढवायला सांगितलात," मी म्हटले.

"व्हय."

"आणि ते मात्र कोणाला सांगितलं नाही."

तानाबाईने पदराला हात पुसले आणि जाताना दारातून म्हणाली, "त्यो घरात बसून भित्तीकडं बघतोय. सगळी म्हणत्यात मोबाइलवर खेळत हुता. आजपातूर त्याला ताकिदीची येक चिठ्ठी मिळाली नव्हती कंपनीची. येवढं ध्यानात ठिवा."

गणपतरावांनी चहा अर्धाच घेतला. फ्रीजला हात लावला नाही.

त्यापुढचे मला रविवारी त्यांनीच सांगितले. शुक्रवारी त्यांनी मीटर बनवणाऱ्या कंपनीला फोन केला. ती कंपनी पुण्याची. तिची प्रियदर्शनी नावाची एक इंजिनिअर जयसिंगपूरला दुसऱ्या कामाला आलेली होती, ती शनिवारी सकाळी कागलला आली. वयाने गणपतरावांच्या मुलीएवढी. तिने भट्टी पाहायच्या आधी प्रश्न विचारले.

"काका, या एका लाइनवर किती मीटर आहेत?"

"आलेखाचं यंत्र धरून सहा."

"सगळे एकामागे एक?"

"एकामागं एक."

"शेवटचा कधी बसवला?"

"खंडेनवमीला."

"आणि तपासला तेव्हा भट्टी चालू होती?"

"पूजेच्या दिवशी भट्टी कोण पेटवतंय, मॅडम?"

हे बोलता बोलताच आपल्या लक्षात आले, असे गणपतराव म्हणाले. तिने पुढे काही सांगायच्या आधी ते पॅनेलजवळच्या स्टुलावर बसले.

मला त्यांनी ते असे समजावले. भट्टीत उष्णता मोजणारी एक सळी असते. तिच्या मागचे यंत्र त्या उष्णतेनुसार तारेतून करंट पाठवते. भट्टी गार असेल तर चार मिलिअँपिअर, पूर्ण तापली तर वीस. हा करंट एका मीटरमधून निघून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा फिरून परत येतो. सगळीकडे तोच एक करंट असतो, म्हणून सगळे मीटर कायम एकच आकडा दाखवतात. बरोबर असला तरी एकच आणि चुकला तरी एकच.

"आता पाण्याचा पाइप धरा," ते म्हणाले. "नदीवर मोटर हाय आणि पाइप रानात गेलाय. पाइपला एक बेंड घातला, दोन घातले, सहा घातले. पाणी बारीक सोडलं तर सहा बेंडांतनं बी निवांत जातंय. पण फुल्ल सोडायला गेला की मोटरचा जोर बेंडांतच संपतोय. मग किती बी करा, एका धारेच्या वर पाणी येत न्हाय. तसं हे. प्रत्येक मीटर म्हणजे एक बेंड. त्याला लोड म्हणत्यात. यंत्राला किती लोड झेपतो ते त्याच्या कागदावर ओहममध्ये लिहिलेलं असतंय."

"म्हणजे गार भट्टीत तो दोष दिसणारच नव्हता."

"कसा दिसंल? बारीक पाणी. आणि आमची रोजची कामं नऊशेच्या आतली. तितंवर बी चालत हुतं. ह्या नव्या कामाला फुल्ल पाणी लागलं आणि आकडा नऊशे सत्तरला अडकला. भट्टी गेली वर, आकडा बसला खाली. आकारामला आत दिसत हुतं ते खरं हुतं."

"तुम्हांला हे आधी माहीत नव्हतं?"

ते माझ्याकडे बघून म्हणाले, "माहीत हुतं की, काकू. आयटीआयला शिकलोय. पण दरवर्षी एकच मीटर वाढवायचा असायचा. एकच तर हाय म्हणायचं आणि जोडून द्यायचा. बेरीज कधी केली न्हाय."

प्रियदर्शनीने आपल्या हातातल्या यंत्राने खोटा मोठा सिग्नल पाठवून दाखवला. सहाही मीटर नऊशे सत्तरला थांबले. मग तिने दादांच्या मीटरकडे जाणाऱ्या दोन तारा काढून एकमेकींना जोडल्या, म्हणजे तो मीटर वाटेतून बाजूला झाला. बाकीचे पाच लगेच वर चढले. मध्ये एक छोटे यंत्र बसवले की ते सिग्नल नव्या जोराने पुढे पाठवते आणि मग आणखी मीटर लावता येतात, तेही तिने सांगितले. ते मागवावे लागणार होते.

गणपतराव विजयसिंहाकडे गेले आणि त्यांनी सगळे सांगितले. विजयसिंह शांतपणे ऐकून घेतो, आरडाओरडा करत नाही. तो म्हणाला, "बरं झालं कळलं. तारा नीट करून टाका. पण दादांचा मीटर काढू नका, खंडेनवमीला त्यांच्या हातानं बसलाय. पाहुण्यांच्या खोलीतला काढा."

"बरं," गणपतराव म्हणाले.

"आणि हे बाहेर बोलायचं नाही. ग्राहकाला मी कळवलंय, माणसाची चूक होती, माणूस बदलला. आता आमचे मीटरच चुकत होते असं सांगितलं तर ते पुढचं काम देतील? आकारामला चार-सहा महिन्यांनी घेऊ परत."

"बरं," गणपतराव म्हणाले आणि बाहेर आले.

दारापासून भट्टीपर्यंत जाताना त्यांना आकारामचे स्टूल दिसले. त्यावर दुसराच माणूस बसला होता, नवीन. तो पॅनेलवरच्या आकड्याकडे बघत होता. झरोक्याकडे बघतच नव्हता. गणपतराव तिथे थोडा वेळ उभे राहिले आणि परत फिरले.

"साहेब, न्हाय."

"काय नाही?"

"दोन्ही न्हाय. पाहुण्यांचा काढत न्हाय, दादांचा काढतो. त्याची तार सगळ्यांत लांबची, आणि तापल्या भट्टीवर तोच तपासायचा राहिला हुता. आणि आकारामनं चूक केली न्हाय. फोन त्यानं मला लावलता. गॅस वाढीव म्हणून मी सांगितलं. तुम्ही इचारलं तवा मी निम्मंच बोललो. त्याला घरी बसवायचं तर मलाबी बसवा."

विजयसिंहाने पेन खाली ठेवले. "गणपतराव, किती वर्षं झाली तुम्हांला इथं? आज काय झालं?"

"काय न्हाय. बेरीज केली."

"जा. मी विचार करतो."

त्याचा विचार होईपर्यंत न थांबता गणपतराव दादांच्या केबिनमध्ये गेले. दादा वर्तमानपत्र वाचत होते. गणपतरावांनी भिंतीवरच्या, आकडे विझलेल्या मीटरकडे बोट दाखवले आणि म्हणाले, "दादा, हा काढायला आलोय. माझ्या हातनं चूक झाली, माफ करा."

दादांनी चष्म्यावरून पाहिले. "काढ बाबा काढ. कधीचं सांगीन म्हणतोय. ते घड्याळ पहिल्या दिवसापास्नं बिघडलंय. परवा बघतोय तर नऊशे सत्तर वाजलेलं."

"दादा, ते घड्याळ न्हवं. भट्टीचा आकडा हाय."

"भट्टीचा? मला कशाला भट्टीचा आकडा? भट्टी बघायची तर मी उठून जात न्हाय व्हय?" आणि मग वर्तमानपत्राची घडी घालत, "कुणी लावला?"

"मीच."

"मी सांगितलं हुतं?"

"न्हाय. साहेब म्हणाले."

"तो म्हणाला आणि तू लावला. तितं एक घड्याळ लाव."

"लावतो की," गणपतराव म्हणाले. "सेलवरचं लावतो."

हे सांगताना ते हसले नाहीत. उद्या काय होईल ते त्यांना ठाऊक नव्हते. बायकोला अजून सांगितले नव्हते. मला म्हणाले, "सांगायचं तर कुठनं सुरू करू, ते कळंना." मी म्हटले, मला सांगितलंत तसंच सांगा, फक्त पाइपाचं सोडून द्या. ते उठून गेले.

सोमवारी सकाळी आकारामला कारखान्यातून बोलावणे आले. तानाबाई त्या दिवशी कामाला आली नाही. मंगळवारी आली ती वेळेवर. आकाराम पुन्हा भट्टीवर बसला आहे. त्याच्या नावाची चिठ्ठी परत घेतली आणि तशी नोटीस फलकावर लावली, हे तिने दोनदा सांगितले. गणपतरावांना लेखी समज मिळाली आहे. ग्राहकाला जे नवे पत्र गेले, त्यावर चूक कोणाची या जागी त्यांनी स्वतःचे नाव घालायला सांगितले. ग्राहक पुढचे काम देणार की नाही, ते अजून कळलेले नाही. विजयसिंह कामापुरते बोलतो.

"आणि आकाराम?" मी विचारले. "तो बोलतो का गणपतरावांशी?"

"न्हाई," तानाबाई म्हणाली. "काल गणपतराव डबा खायाला त्याच्या शेजारी जाऊन बसले. त्यो उठला न्हाई, येवढंच. बोलला न्हाई."

"आणि तू?"

"मी बोलती की. मला त्वांड आवरत न्हाई. म्हटलं, आलासा का चूल जोडून?" तिने नळ सोडला. "नुसती मान हलिवली."

संध्याकाळी गणपतराव फ्रीजसाठी आले. या वेळी त्यांनी फ्रीजकडे न जाता आधी इन्व्हर्टरपाशी जाऊन त्यावरचे कागद वाचले. मग घरभर फिरून विचारले, यावर काय काय आहे. बैठकीतला दिवा आणि पंखा, आतल्या खोलीतला दिवा, पाणी शुद्ध करणारे यंत्र, टीव्ही, आणि गेल्या वर्षी त्यांनीच जोडून दिलेला मिक्सर. त्यांनी भिंतीला पाठ लावून बोटांवर हिशेब केला.

"न्हाय, काकू," ते म्हणाले. "बसत न्हाय."

"एक फ्रीजच तर आहे."

"तेच तर म्हणतोय. बसत न्हाय. आणि मिक्सर बी काढतो."

त्यांनी मिक्सर काढला. चहा पूर्ण घेतला. जाताना दारात चपला घालताना त्यांना जरा ओशाळल्यासारखे झाले असावे, कारण दोनदा म्हणाले, "राग मानू नका."

मी वहीत लिहिले:

३ डिसेंबर २०२४, मंगळवार. थंडी वाढली. तानाबाई वेळेवर आली. फ्रीज इन्व्हर्टरवर घेतलेला नाही. उद्या दुरुस्तीसाठी दिवसभर लाइट नाही. दूध दोनदा तापवून जाळीच्या कपाटात ठेवले.